नंदनवन नव्हे, सोळा झाडं

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या गावच्या बागप्रेमी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची बातमी आली. मथळा होता, 'खारपाणपट्ट्यात फुलले नंदनवन'. मंडळातल्या बाया खूश झाल्या, दोघींनी तर कात्रण लॅमिनेट करून आणलं. त्यांचा हिरमोड करायची माझी इच्छा नाही. पण मी तीस वर्षं आरोग्यसेविका होते आणि चुकीचा आकडा कागदावर तसाच राहू देणं माझ्याच्यानं होत नाही. बातमीत 'मंडळाने ४० रोपांची यशस्वी लागवड केली' असं छापलं आहे. रोपं ४० लावली हे खरं. आज जिवंत आहेत १६. आणि छायाचित्रात प्रमुख पाहुण्यांच्या मागे जी टवटवीत फुलांची कुंडी दिसते ती सभागृहाची आहे. फुलं प्लास्टिकची आहेत.

नोकरीत असताना गरोदर मातांचं, लसीकरणाचं, जन्ममृत्यूचं अशी किती रजिस्टरं भरली त्याला मोजदाद नाही. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायचे, म्हणून मंडळाच्या रोपांचंही एक उघडलं. रोप कोणतं, कोणाच्या आंगणात, कधी लावलं, पाणी कुठलं, मेलं तर कधी आणि कशानं. मागच्या जुलैत वाटलेली रोपं अशी : गुलाब १२, संत्रा ८, कलमी आंबा ६, आवळा ६, बोर ४, चिकू ४. या मे महिन्यात घरोघर फिरून मोजली, तेव्हा गुलाब ३, आंबा १, आवळा ५, बोर ४ आणि चिकू ३ एवढे उभे होते. संत्र्याचं एकही नाही. आठही झाडं डिसेंबरच्या आत गेली, आणि संत्रा लावायचा हट्ट माझाच होता. माझं माहेर मोर्शीकडचं. दारात संत्रा नसलेलं घर मला चाळीस वर्षं सासरी काढूनही अर्धवटच वाटतं. रोपं चांगल्या रोपवाटिकेतली होती, कलमं खरी होती. दोष माझ्या हट्टाचा आणि आमच्या पाण्याचा.

आपले वाचक यवतमाळ-चंद्रपूरकडचेही असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो पट्टा आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात. आमचा दर्यापूर तालुका त्यातलाच. जमिनीखालचं पाणी खारं, आणि काळ्या मातीत सोडियम जास्त. पावसात ही माती फुगते, पाणी खाली जाऊ देत नाही, वावरात चार-चार दिवस डबकं राहतं. उघाड पडली की तीच माती अशी आवळते की कुदळ उसळून परत येते. विहीर-बोअर असूनही ओलीत करायची सोय नाही, म्हणून पिकं पावसावरची : कापूस, तूर, मूग, आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं. ते येतं त्या दिवशी आधी घरातली भांडी भरायची की गुलाबाला घालायचं, हे काही विचारायला नको.

आता मंडळाच्या वर्षाकडे येते. जून ते मे या काळात आठ व्याख्यानं झाली आणि पाच बागा पाहिल्या. आपल्या बातमीत त्यांचा उल्लेख 'विविध उपक्रम राबविले' एवढ्या तीन शब्दांत आटोपला आहे. तेराही कार्यक्रमांची मी वही ठेवली आहे, पण सगळं सांगत बसत नाही. काही कार्यक्रम विसरण्यासारखेच होते.

जूनचं पहिलं व्याख्यान विसरण्यासारखं नव्हतं. कृषी खात्यातून निवृत्त झालेले आमच्याच गावचे एक गृहस्थ बोलले. व्याख्यान कसलं, त्यांनी सोबत काचेच्या सहा बरण्या आणल्या होत्या. प्रत्येकीत पहिल्या पावसाचं धरलेलं पाणी. आम्ही घरून आणलेलं मातीचं सुकं ढेकूळ एकेकीत अलगद सोडायचं आणि बरणीला हात लावायचा नाही. चहा होईपर्यंत चार बरण्यांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग धरला. दोन बरण्यांत ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं, पाणी नितळ. ज्या मातीत सोडियम जास्त तिचे कण पाण्यात एकमेकांना सोडून देतात, म्हणून ढग, असं त्यांनी समजावलं. गावोगाव पाण्याची ओ.टी. चाचणी करण्यात माझी हयात गेली, नळीत पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. एवढी वर्षं हातात नळी धरून कधी आपल्या आंगणातल्या मातीला पाण्यात सोडून पाहावं असं सुचलं नाही. माझ्या बरणीतला ढग सगळ्यांत दाट होता.

पुढे पावसाळा संपल्यावर गुलाबांची पानं कडेनं करपायला लागली. आधी टोक तपकिरी, मग कडा, मग पान गळलं. झाड तहानलेलं वाटतं, म्हणून सगळ्यांनी बोअरचं पाणी दुप्पट केलं. मीही केलं. इथेच आमची नऊ गुलाबांची झाडं गेली, आणि हेच मला ठळक छापून हवं आहे. पाणी कमी पडल्यावर पान जसं दिसतं, जवळजवळ तसंच ते मीठ जास्त झाल्यावरही दिसतं. खारं पाणी घातलं की पाणी उडून जातं आणि मीठ मुळाशी राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं की त्यावर आणखी थर. उन्हाळ्यात आळ्याच्या कडेला पांढरी खपली धरते ती हीच.

हे मला कळायला हवं होतं, कारण जलसंजीवनी शिकवण्यात मी अर्धं आयुष्य घालवलं. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. नव्या आईला मी दहादा बजावायचे, मीठ जास्त पडलं तर लेकराला औषधाऐवजी अपाय होईल, चव आसवांपेक्षा खारट नको. आणि त्याच मी गुलाबाला रोज बादलीभर खारवणी पाजत होते. शेजारची एक आजी ते पाहून म्हणाली, "बाई, हे पानी मानसाले सोसत नाही, गुलाबाले कसं सोसन?" या भागात मूत्रपिंडाच्या दुखण्याची किती घरं मी पाहिली ते मलाच माहीत. मी गप्प बसले.

ऑगस्टात शहरातून एक पाहुणे आले होते. बोलले चांगले, प्रोजेक्टरही सोबत आणला होता. विषय होता गच्चीवरची बाग : कोकोपीट, ठिबकाचं टायमर, निरनिराळी ऑर्किड. तिसऱ्या चित्रावर लाइन गेली ती आलीच नाही. त्यांनी उरलेलं अंधारात तोंडी सांगितलं, त्यांचं कौतुक आहे. शेवटी एका बाईनं विचारलं, "सर, आमच्या इथं मातीचंच छप्पर हाये, त्यावर ठेवू का हे?" ते हसले, आम्हीही हसलो. पण आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतलं बागेचं सदर वाचतानाही मला दर वेळी ती बाई आठवते.

नोव्हेंबरात अंजनगाव सुर्जीचे पानमळे पाहिले. शकुंतला रेल्वे चालू असती तर बनोसा स्टेशनावरून डुलत डुलत गेलो असतो, आता एसटीनं गेलो, अठरा जण. वर सातपुड्याच्या पायथ्याकडचं गोडं पाणी, आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या बारी समाजानं जोपासलेले विड्याच्या पानांचे मळे. चपला बाहेर काढून आत शिरलो आणि अंगावरचं ऊन एकदम उतरलं. शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांची जिवंत झाडं ओळीनं, त्यांच्यावर वेल बांधत नेलेले. ऊन गाळून घ्यायला वर पाला, वारा अडवायला बाजूनं कूड. वेल उंच गेला की दरसाल तो खाली उतरवून मातीत गाडतात आणि शेंडा पुन्हा वर चढवतात. त्याच सावलीत पानपिंपळी. तिची कोवळी हिरवी फळं तोडून उन्हात वाळवतात, काळी पडतात, आणि मग ती औषधवाल्यांकडे जातात. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून जे त्रिकटू होतं त्यातली ही पिंपळी. घरात वर्षानुवर्षं सर्दी-खोकल्याला मधातून देत आले, पण झाड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मळेवाल्यांना विचारलं, पाणी किती देता? त्यांनी उत्तर दिलं नाही. खाली वाकून चिमूटभर माती उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हे इचारतो मी तिले." मग हसत सांगितलं की तुमच्या दर्यापूरच्या बाजूला हा वेल आठ दिवस टिकवून दाखवा, नऊ दिवसांनी मी सत्काराला येतो.

एक गोष्ट मात्र खटकली, ती सांगते. आमच्यातल्या दोघी कुडाबाहेरच थांबल्या. कोणी अडवलं नव्हतं. पाळी असताना पानमळ्यात जाऊ नये, वेल करपतो, हे त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं. मळेवाले स्वतः "या ना बाई" म्हणाले, मीही समजावलं, तरी त्या उन्हात उभ्याच राहिल्या. याच विषयावर मी तीस वर्षं गावोगाव बोलत फिरले. परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर कोणीतरी पानं ठेवली, तर त्यांनी रुमालात धरून घेतली.

त्याआधी, दिवाळीच्या अगोदर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी झाली. गर्दी एवढी की बोलायला कोणी मोकळं सापडेना. फुलांचे ताटवे पाहिले, फोटो काढले. त्यांच्या 'चक्रधर' लिंबाबद्दल ऐकलं, त्याला काटे नसतात आणि फळात बियाही नसतात. घ्यावासा वाटला, घेतला नाही. लिंबूही संत्र्याचाच भाऊबंद आणि माझ्या आंगणातली माती तीच. एवढी अक्कल मला आली होती. मात्र तिथे कळलं म्हणून परत आल्यावर मी बोअरचं पाणी आणि आंगणाची माती तपासून घेतली. पाण्याची ईसी, म्हणजे त्यातल्या क्षारांचं माप, ३.१ निघाली, मातीचा सामू (पीएच) ८.९. ईसी २.२५ च्या वर गेली की ते पाणी अतिखारट धरतात. जूनमधल्या बरणीनं हेच फुकटात सांगितलं होतं, पण कागदावर आकडा आल्याशिवाय माझं समाधान होत नाही, त्याला इलाज नाही.

जगलेल्या तीन गुलाबांचं आता सांगते, कारण आपल्या बातमीदारांनी बघायला हवं होतं ते घर तेच. मंडळाची पाचवी बागभेट तिथे होती आणि तिला आम्ही सहाच जण गेलो. ज्या आजीनं मला टोकलं तिचंच आंगण. तिच्या घरावर ५०० चौरस फुटांचं टिनाचं छत आहे. नळ यायच्या आधी बाया नदीच्या वाळूत झिरे खोदून पाणी भरायच्या, तेव्हा तिच्या मालकांनी छताचं पाणी उतरवायला जमिनीत सिमेंटचं टाकं बांधलं होतं. नळ आला, गावातली बाकीची टाकी कचऱ्यानं भरली. आजीनं आपलं दरसाल उपसून, चुना मारून ठेवलं. आमच्यातल्या एका गणिताच्या सरांनी तिथल्या तिथे हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत साधारण ४६ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस पडला की ४,६०० लिटर, थोडंफार सांडलं-उडालं ते सोडून. आजी म्हणाली, "मले लिटर नाही समजत. टाकं पोळ्याले भरते, पाडव्यालोक पुरते." तिच्याकडे डब्यांत लावलेले तीन गुलाब, प्रत्येकाशेजारी त्याच डब्यातल्या मातीत गळ्यापर्यंत पुरलेलं जुनं मडकं. त्यात दर तिसऱ्या दिवशी टाक्याचं दोन लोटे पाणी आणि वर झाकण. मडक्यातून पाझरेल तेवढंच मुळाला. पाडव्यानंतर टाकं संपलं की नळाच्या पाण्यातलं एक लोटा ती गुलाबांसाठी काढते, स्वतःच्या आंघोळीत कपात करून. झाडं जुन्या मोठ्या डब्यांत आहेत, आंगणातल्या मातीत नाहीत. डब्यातली माती नदीच्या वाळूत शेणखत मिसळून केलेली. मे अखेरच्या नवतप्यात ती डबे ओढून सावलीतल्या भिंतीला नेते. नवतप्याच्या नऊ दिवसांत हिरवी जाळी बांधूनही आमची झाडं वाळतात, तिची तिन्ही तेव्हा कळीवर होती.

तिला आम्ही व्याख्यानाला बोलावलं, आली नाही. श्रावणात रानभाज्यांवर बोलायला मात्र आली होती आणि ते व्याख्यान वर्षातलं सगळ्यात रंगलं. तरोटा, काटवल, कुंजर, चिवळ, अंबाडी समोर मांडून तिनं पाऊण तास घेतला. कोणती कोवळी खुडायची, कोणती दोनदा उकळून पाणी फेकायचं, हे सांगताना मध्येच मला म्हणाली, "तुमी लोहाच्या गोळ्या वाटत होत्या ना, ह्या अंबाडीले कधी इचारलं?" सगळी सभा हसली. यांतल्या बहुतेक भाज्यांना कोणी लावत नाही, पाणी घालत नाही, आणि मंडळाच्या ४० रोपांत त्यांच्यातलं एकही नव्हतं.

आता विनंती. पहिली, आकडा दुरुस्त करून छापावा : लावली ४०, जगली १६. नंदनवन वाचून शेजारच्या दोन गावांतून आमच्याकडे विचारणा आली, गुलाब आणि संत्र्याची रोपं कुठून घेतली म्हणून. एकानं तर पन्नास संत्र्यांची मागणी सांगून ठेवली होती, मी जाऊन थांबवलं. खारपाणपट्ट्यात ज्याला झाड लावायचंच आहे त्यानं आवळा, बोर, करवंद, चिकू यांपासून सुरुवात करावी, ही मीठ बऱ्यापैकी सोसतात. कण्हेर आणि बोगनवेल तर आमच्याकडे कोणी पाहिलं नाही तरी फुलतात. जिप्सम टाकायचं तर माती तपासूनच, आणि टाकल्यावर पावसाचं पाणी मातीतून निचरून बाहेर जायला चर हवा. जिप्सममुळे सुटलेलं सोडियम जर तिथेच तुंबून राहिलं तर जिप्सम टाकल्याचा उपयोग काय?

दुसरी विनंती अशी की रविवारच्या बागेच्या सदरात वर्षातून चार वेळा तरी आमच्या मातीबद्दल लिहावं. लिहायला माणूस नसेल तर बरण्या आणणारे गृहस्थ तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

आणि कार्यक्रमाची बातमी शक्यतो आधी छापावी. सत्काराला माणसं आपोआप जमतात, बरण्यांच्या व्याख्यानाला आम्ही चौदा होतो.

यंदाचा पहिला कार्यक्रम मृगाचा पहिला चांगला पाऊस पडेल त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, समाजमंदिरात. येणाऱ्यानं आपल्या आंगणातलं मुठीएवढं सुकं ढेकूळ कागदात गुंडाळून आणावं, आणि छतावरून धरलेलं पावसाचं पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही. त्याच दिवशी समाजमंदिरामागच्या पडीक जागेत ढैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरणार आहोत. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर यायच्या आत, तो तिथेच मातीत गाडायचा आहे. त्या दिवशी फावडी लागतील, हार-तुरे नकोत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. दर्यापूर, जि. अमरावती
(नाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. : सहा आवळ्यांपैकी जो एक गेला, तो पाण्यानं नाही गेला. दसऱ्याच्या दिवशी बकरीनं खाल्ला. रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे, कृपया तो खारपाण्याच्या हिशेबात धरू नये.